पथ्य

तिने नवऱ्याच्या कोटाचा खिसा उलटा केला. खारे दाणे निघाले. त्याच्यादेखत तिने ते कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"चार दाण्यांनी काय होतंय?" तिचा म्हातारा सुतार नवरा कुरकुरला.

"घेतलेली गोळी पाण्यात जाते."

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. मीठ, सिगारेट, गुडघ्यासाठी मनानेच घेतलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या, सगळ्यांनी प्रेशर चढतं आणि औषध हरतं. तिने त्याची एकेक सवय मुळासकट उपटली. सकाळी गोळी दिली की त्याला तोंड उघडून दाखवायला लावी, कारण गडी बेरकी. गोळी गालात धरायचा आणि मोरीत थुंकायचा. "नवऱ्याला तळहाताच्या फोडासारखं जपते हो," शेजारीण म्हणायची. ती नुसती हसायची.

मुलगी मात्र एकदा फोनवर म्हणाली होती, "आई, खाऊ दे ना त्यांना हवं ते." अर्थ दोघींनाही कळला होता. सासरचा मार खाऊन मुलगी एका पिशवीनिशी परत आली, तेव्हा बापाने तिच्या तोंडावर दार लावलं होतं. कडी घालत म्हणाला होता, "माझ्या जिवात जीव आहे तोवर ही आत येणार नाही." तो आवाज आईच्या काळजात रुतून बसला होता. तिने त्याला कधीच माफ केलं नाही.

आज तपासणीत प्रेशर अगदी ठीक निघालं. "आजोबा, आता वीस वर्षं बघायला नको," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी अळणी भाजी चिवडत त्याने विचारलं, "मेलो असतो तर सुटली असतीस. लेकीला घरात घेता आलं असतं. मग एवढं कशाला जपतेस मला?"

तेवढ्यात दारावर थाप पडली. "आई," बाहेरून मुलीचा आवाज आला. तिनेच बोलावलं होतं तिला. तो बायकोकडे बघत राहिला. ती जागची हलली नाही.

"तुम्ही मेल्यावर काय, दार कुणीही उघडलं असतं," ती म्हणाली. "कडी तुम्ही घातलीत, काढायचीही तुम्हीच. उठा. आज नाही उठलात तर उद्या. गोळ्या पुष्कळ आहेत माझ्याकडे."