हातमोज्यांचं खोकं

बायकांचा कंडोम कसा वापरायचा, हे नर्स दवाखान्यात रोज शिकवायची. स्वतःसाठी तिनं कधीच मागितला नव्हता. दवाखान्यातल्या सामानाच्या कपाटाची किल्ली तिथंच कामाला असलेल्या नणंदेकडे होती आणि मागणं म्हणजे तिच्या सख्ख्या भावावर आळ घेणं. तो भाऊ, नर्सचा नवरा, आज बाहेरगावाहून परतणार होता. स्वतः काही वापरायचा नाही; मागच्या खेपेनंतर तिनं संसर्गावरची औषधं लपून घेतली होती. शेवटी ती कपाटापाशी गेली. “वहिनी, काय देऊ?” “ते... हातमोजे.” “कालच तर अख्खं खोकं नेलंस. खातेस की काय?” “संपले गं.” नणंदेनं तिच्याकडे पाहिलं, कपाटात खुडबुड केली आणि खोकं दिलं. टेबलाशी येऊन नर्सनं ते उघडलं. वर चार हातमोजे होते, खाली कंडोमची पाकिटं. तिनं दचकून मागे पाहिलं. “घरी ने,” कुलूप लावत नणंद म्हणाली, “दादाला मी तुझ्याआधीपासून ओळखते.”