अठरा इंच छाती

"तीनशे मीटर," डेस म्हणाला.

तो कुरणात पालथा पडून बंदुकीवरच्या नव्या दुर्बिणीतून रानडुकराकडे बघत होता. शेजारी त्याची बायको नोएलीन, तीही पालथीच. या एका डुकराने आठवड्यात एकोणीस कोकरं खाल्ली होती. उरलेली दोघांच्या पाठीमागे आयांना लुचत होती. आज गोळी हुकली की डुक्कर शहाणं होणार आणि पुन्हा दिवसाउजेडी दिसायचं नाही.

"तीनशे कशावरून?"

"काचेत कंस आहेत. ज्या कंसात छाती नेमकी बसते, त्याशेजारचा आकडा म्हणजे अंतर. त्या आकड्यावर नेम धरायचा. पोरखेळ आहे."

"कुणाची छाती?"

"हरणाची. अठरा इंच."

"आणि याची?"

"तेच तर. याची मोठी असेल, तर हे चारशेवर आहे. लहान असेल, तर दोनशेवर."

"मग मोज की."

"मारल्याशिवाय कशी मोजू?"

"आणि मोजल्याशिवाय मारणार कसा?"

यावर दोघंही विचारात पडली. डुक्कर काही विचारी नव्हतं. वारा त्याच्याकडून येत होता, त्याला यांचा पत्ता नव्हता. ते कोकरांच्या रोखाने सरळ चालत राहिलं.

"आता दोनशे," डेस म्हणाला. "हरीण असतं तर."

"ते हरीण नाहीये, डेस."

"शंभर. थांब, आता कंसात मावेना. याच्या खालचा कंसच दिला नाही की गं या लोकांनी!"

"डेस!"

"काय?"

"काय दिसतंय तुला?"

"केस," डेस म्हणाला. "नुसते केस."

नोएलीनला दुर्बिणीशिवाय सगळं स्वच्छ दिसत होतं. सुळे दिसत होते, सुळ्यांना चिकटलेली लोकरसुद्धा. तिने हात लांबवून दुर्बिणीवरचं चाक सहापटीवरून एकपटीवर आणलं.

"आता?"

"अरे देवा," डेस म्हणाला आणि बार उडाला.

बार ऐकून शेजारचा मर्व्ह मोटरसायकल दामटत आला. डुक्कर डेसच्या टोपीला खेटून पडलं होतं. मर्व्हने शीळ घातली.

"नवी दुर्बीण वाटतं? किती लांबून टिपलंस, राजा?"

डेसने समोरच्या टेकाडाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती कोकरं मोजत होती.

"आधी तीनशे मीटर होतं," तो म्हणाला.