शंखाच्या पोटात

नाशिकला द्वारका चौकापाशी ललित आणि छाया हे नवराबायको गाड्यांमध्ये साउंड सिस्टीम बसवत. दणदणाटाच्या स्पर्धेसाठी त्यांनी व्हॅनमध्ये शंखासारखा वळत जाणारा लाकडी खोका बनवला होता. ललित चहाला गेला तेव्हा आतल्या सांध्यावरचा वाळलेला गोंद तासायचा राहिल्याचं छायाला आठवलं. पटाशी घेऊन ती वूफर, म्हणजे मोठा स्पीकर, बसवायच्या भोकातून आत सरपटली. ती शेवटच्या वळणात असताना परतलेल्या ललितने भोकावर वूफर बसवला. अंधार झाला. "ललित, मी आत आहे!" पण ड्रिलच्या घरघरीत तिची हाक विरली. मग चाचणीसाठी लावलेलं गाणं सुरू झालं. प्रत्येक ठोक्याला छाती दबत होती, श्वास अडकत होता. तिने चाचपडत येऊन पटाशी वूफरच्या पडद्यात खुपसली. पातं बाहेर निघालं आणि गाणं थांबलं. ललितने भराभर स्क्रू काढून तिला बाहेर ओढलं. तो रडत काहीतरी बोलत होता. छायाला काहीच ऐकू येत नव्हतं.