खाकी उभी असताना

मुरबाडकडच्या डोंगरपाड्यावर पोलिसाची खाकी दिसली की बसलेला माणूस उठायचा, डोक्याचं फडकं काढून काखेत धरायचा आणि ती खाकी पाड्याबाहेर जाईस्तोवर टेकायचा नाही. बुधूचा बाप तसाच उभा राहिला. बुधूही तसाच उभा राहत म्हातारा झाला.

त्याची लेक मीना मात्र शिकत शिकत कायद्याची प्राध्यापक झाली. दहशतवादाचा तपास करताना पोलिसांनी कायद्यात कसं राहायचं, हा तिचा विषय. आज ती पोलीस अधिकाऱ्यांनाच शिकवणार होती आणि बापाला तिने हट्टाने पहिल्या रांगेत बसवलं होतं.

मीना आत आली तसा अख्खा हॉल खाडकन उठला. बुधूने वळून पाहिलं. जिकडेतिकडे खाकीच खाकी, ताठ उभी, आणि सगळ्यांची नजर त्याच्या पोरीवर! तोही धडपडत उठला. फडकं काखेत गेलं.

मीनाने कुणालाच बसायला सांगितलं नाही. ती बापाकडे बघत राहिली.

"बाबा, बस ना."

"येडी का गो तू?" बुधू कुजबुजला. "सायेब उभं हायेत. मी कसा बसू?"

मीना पाड्यावरच्याच बोलीत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू बसल्याबिगर ते नाय बसायचे."

बुधूने पुन्हा मागे पाहिलं. खरंच कुणी हलत नव्हतं. काखेतलं फडकं त्याने सावकाश डोक्याला गुंडाळलं आणि तो बसला.

मग त्याच्यामागे सगळ्या खुर्च्या वाजल्या.