उजवी दाढ

“आ करा,” दाताचे डॉक्टर म्हणाले आणि आप्पांनी जबडा वासल्यावर मग विचारलं, “कुठली दाढ काढायची?”

“उजवी!” खुर्चीभोवती उभ्या घरच्यांनी एका सुरात सांगितलं. बायको, मुलगा, सून आणि नात.

दुखत होती डावी. उजवी ठणठणीत होती. घास चावायला तेवढी एकच कामाची उरली होती.

घोळ सकाळी जेवणाच्या टेबलाशी झाला. आप्पांनी डावा गाल धरला. समोर बसलेल्या चौघांना तो आपापल्या उजव्या हाताला दिसला. “अरे, तुमची उजवी ती माझी डावी!” आप्पा कळवळून सांगत होते. पण घरातला वाद मतानेच मिटवायचा, हा नियम खुद्द त्यांचाच. त्याच नियमाने त्यांनी सुनेचं माहेरी जाणं दोनदा हाणून पाडलं होतं, आणि वर “लोकशाही आहे, सूनबाई” असं ऐकवलंही होतं. चार विरुद्ध एक मतांनी उजवी ठरली.

“दुखतंय कुणाचं, ते तरी बघा!” दवाखान्याच्या जिन्यात आप्पा ओरडले होते.

“तुमचंही मत धरलंय की हो,” बायको म्हणाली होती. “एक.”

आता खुर्चीत त्यांनी हात वर केला आणि जोरजोरात हलवला. सुनेने तो अलगद खाली घेतला.

“हात नाही चालत, आप्पा. आवाजी मतदान.”

तेही खरंच. नात दोन्ही हात वर करते म्हणून हात मोजणं आप्पांनीच बंद केलं होतं.

“आऽऽ!” आप्पा म्हणाले. डॉक्टरांना तो होकार वाटला. सुई टोचली, चिमटा आत गेला.

दाढ ट्रेमध्ये पडली. पांढरीशुभ्र, कीड औषधालाही नाही. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. आप्पांच्या तोंडात कापसाचा बोळा होता, डोळ्यांत पाणी होतं आणि डावीकडे तीच कळ.

मुलगा जरा वरमला. मग घसा खाकरून म्हणाला, “आप्पांना आता बरं वाटतंय. बाजूने?”

“होऽऽ!”

“विरोधात?”

आप्पांनी जिवाच्या आकांताने काहीतरी म्हटलं. बोळ्याआडून शब्द काही फुटला नाही.

“एकमताने मंजूर,” सून म्हणाली. “लोकशाही आहे, आप्पा.”