एका पानाचे नियम

प्रणवने फासा टाकला. पाच पडले. फासा झटकन मुठीत घेऊन तो म्हणाला, "दोन. हुकला नेम. वाचला तुझा माणूस."

फासा त्याने मुद्दाम आपल्या जुन्या मित्राच्या, परेशच्या, उजव्या बाजूला टाकला होता. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून परेशला त्या बाजूचं दिसत नसे. उजवा हातही मांडीवर नुसता पडून असायचा. बोलणं तुटक झालं होतं, शब्द सापडता सापडत नसत.

लोकमान्य नगरातल्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं होतं. त्यावर थर्माकोलच्या टेकड्या, खोक्यांची घरं आणि दोन बोटं उंचीची माणसं. परेशचे मावळे, प्रणवचे परग्रहावरचे सैनिक. पूर्वी असं कधी चालायचं नाही. मावळ्यांचा खेळ वेगळा, काउबॉयचा वेगळा, अंतराळातला वेगळा, आणि प्रत्येकाचं नियमांचं जाडजूड पुस्तक परेशला तोंडपाठ. आता प्रणवने एका पानात मावतील एवढेच नियम केले होते. माणूस हलवा, फासा टाका, चार किंवा जास्त पडले की समोरचा आडवा. त्या नियमांत कुणीही कुणाशी लढू शकत होतं.

"दाखव," परेश म्हणाला.

"काय?"

"फासा."

प्रणवने मूठ उघडली. उघड्या तळहातावर फासा कसाही बसतो. परेशने तो पाहिला, मग प्रणवकडे पाहिलं.

"तू... झूठ खेळतो."

"काहीतरीच काय, भिया."

"झूठ. नेहमी."

स्वयंपाकघरातून स्मिता दारापाशी येऊन उभी राहिली. प्रणव दर रविवारी खेळायला येऊ लागला, तेव्हा पहिल्याच रविवारी तिने त्याला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "प्रणवजी, ते जिंकले ना, की दिवसभर नीट जेवतात, बोलतात." आत्ताही ती नवऱ्याच्या पाठीमागून नजरेनं तेच सांगत होती.

"स्मिता, तू आत जा," परेश मागे न बघता म्हणाला. एवढं सलग वाक्य तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता. ती आत गेली.

परेशने डाव्या बाजूला, आपल्यासमोर, टेबलावर बोट आपटलं. "इथे. खरं."

प्रणवने फासा तिथे टाकला. सहा. परेशने आपला मावळा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला आणि अलगद आडवा केला.

मग खेळ खरा सुरू झाला. परेश वाकला, त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने एक सैनिक पाडला, लगेच दुसरा पाडला आणि "अबे हट!" म्हणून जुन्यासारखा ओरडला. प्रणवही खुर्चीत पुढे सरकला. टेकडीमागून वळसा घालून त्याने परेशचे लोक घराच्या भिंतीशी कोंडले. परेशचे दोघे उजवीकडे सुरुवातीपासून जागचे हलले नव्हते. ते त्याच्या नजरेतच येत नव्हते.

"उजवीकडे बघ, दोघं आहेत तुझे," प्रणवला राहवलं नाही.

परेशने मान वळवली. ते दिसताच त्याचा चेहरा उतरला. त्याने त्यांना हलवलं, पण तोवर वाट बंद झाली होती. प्रणवने फासा टाकला, पुन्हा टाकला. दोघंही गेले. तेव्हा कुठे प्रणवच्या ध्यानात आलं, की आपण जिंकायला खेळतोय, आणि आपल्याला मजा येतेय. त्याला स्वतःची लाज वाटली.

परेशचा एकच माणूस उरला. झेंडेकरी. परेशनेच तो रंगवला होता, हात चालत होता तेव्हा. मिशीचा एकेक केस दिसत होता.

"शेवटच्याला मैदान सोडता येतं," प्रणव घाईने म्हणाला. "टेबलाच्या काठापर्यंत ने, की सुटला. नियमात आहे. काठ जवळच आहे बघ."

"नियमात?"

"पहिल्यापासून आहे. शपथ."

परेशने झेंडेकरी उचलला आणि हळूहळू काठाकडे नेला. काठाशी आल्यावर तो थांबला. बराच वेळ चिमटीतल्या त्या माणसाकडे बघत राहिला. मग त्याने त्याला तिथेच, काठाच्या अलीकडे, आडवा ठेवला.

"अरे, मी फासा टाकलाच नाही अजून," प्रणव म्हणाला. "कुणी पाडलं नाही त्याला."

"माहीत आहे."

"मग?"

परेश शब्द शोधत राहिला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. प्रणव वाट बघत होता.

"थकला तो," परेश म्हणाला.

प्रणवने टेबलावरचा फासा उचलला आणि उगीच शर्टाच्या खिशात टाकला.

स्मिता पोह्यांच्या बश्या घेऊन आली. वर शेव भुरभुरलेली, लिंबाची फोड. दोघांच्या तोंडाकडे बघत तिने हसून विचारलं, "काय मग, कोण जिंकलं?"

बशी ठेवायला जागा करताना तिला काठाशी पडलेला झेंडेकरी दिसला. खाली पडेल, मोडेल, म्हणून तिने तो उचलला, थोडा आत सरकवला आणि उभा केला.

परेशने डावा हात लांब करून त्याला पुन्हा आडवा केला, आणि या वेळी त्याच्यावर तळहात झाकून ठेवला.