टेबल सोडताना

नोवा गोरित्सा शहरातल्या कॅसिनोत झ्देन्का बावीस वर्षं नवशिक्यांना पत्ते वाटायला शिकवत होती. पोकर असो की ब्लॅकजॅक, पहिला धडा एकच: टेबल सोडताना टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे छतावरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे.

त्या सकाळी तिनं आईचे डोळे मिटले, चादर सारखी केली, उठली, टाळी वाजवली आणि तळवे छताकडे केले.

दारात भाऊ उभा होता, मिरान. नऊ वर्षांनी कालच आलेला.

"हे काय गं?"

"सवय रे. काही घेतलं नाही हे दाखवूनच उठायचं."

मग तिला कपाटावरची उघडी डबी दिसली. आईची पोवळ्यांची माळ तिच्यात नव्हती.

"तूही दाखव ना," ती थकून म्हणाली. "इथं कॅमेरा नाहीये."

मिराननं कोटाच्या खिशातला हात काही बाहेर काढला नाही.